मयत बाईचं मत

माणूस मेलं की यादीतून त्याचं नाव कमी होतं, हा जगाचा रिवाज. खापरदरीच्या सत्यशीलाबाईचं उलटं झालं. तिनं आधी नाव टाकलं, आणि नाव टाकलं म्हणून सरकारनं तिला मेलेली ठरवलं. यात कोणी लबाडी केली म्हणावी तर तसंही नाही. जो तो आपापल्या परीनं खरंच बोलत होता. खरं बोलण्यानं एवढा घोटाळा होत असेल तर खोटं बोलणारे सुखात असतात यात नवल ते काय.

खापरदरी हे दारव्हा तालुक्यातलं गाव. बोरी अरबच्या बाजाराला सकाळी निघालं तर उन्हं चढायच्या आत पोचावं, एवढ्या अंतरावरचं. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या पलीकडे वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला तुळसाबाईचं कुडाचं घर. या तुळसाबाईची पहिली लेकरं एकामागून एक पाळण्यातच गेली. शेवटची ही मुलगी झाली तेव्हा तिनं काय केलं, तर पोरीला उचललं आणि थेट उकिरड्यावर नेऊन ठेवलं. वरून मूठभर केर टाकला आणि शेजारणीला सांगितलं, आता तू उचलून आण. शेजारीण पोर घेऊन दारात आली. ‘कोनाची व ही?’ ‘कोनाची नाई, कचऱ्यात सापडली.’ झालं, पोरीचं नाव कचरी पडलं. मरणाला चांगल्याचुंगल्याची आवड, कचरा ते कशाला उचलील, अशी त्या काळच्या बायांची समजूत होती. समजूत खरी की खोटी ते आपण कोण सांगणार, पण पोर जगली.

गावाला मात्र या नावातली माया ठाऊक नव्हती, आणि असती तरी गावानं ती मनावर घेतली नसती. पाटलाच्या खळ्यावरून ‘ए कचरे’ अशी हाक यायची तेव्हा तिच्यात नुसता कचराच असायचा. ती हाक ऐकतच कचरी मोठी झाली, कापूस वेचायला जाऊ लागली. मारोती मुनेश्वर नावाचा आईबापाविना वाढलेला, मोठ्या हाडापेराचा पोरगा घरजावई म्हणून आला, त्याच्याशी तिचं लग्न झालं. पुढे मतदारांची यादी झाली तिच्यातही ती कचराबाई म्हणूनच चढली.

मग छपन्न सालचा दसरा आला. बाबासाहेब नागपूरला धर्म देणार, ही खबर वस्तीत आली आणि वस्ती बसल्या जागची उठली. मारोती आणि ती भाकरी बांधून निघाली. ट्रकनं यवतमाळ, तिथून वर्धा, पुढे आगगाडी. म्हातारी तुळसाबाई शेळ्यांपाशी मागे राहिली. नागपूरच्या त्या मैदानात पाय ठेवला आणि बाई जागच्या जागी थांबली. जिकडे नजर जाईल तिकडे पांढरी लुगडी, पांढरे सदरे, पांढरी टोपडी. सारा जन्म तिचा कापसात गेलेला. ती मारोतीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "एवढा कापूस एका वावरात मीनं कधी पायला नाई." सगळ्यांबरोबर तिनंही हात जोडून शपथा घेतल्या. खोटं बोलणार नाही, ही त्यातली तिला सगळ्यात सोपी वाटली. आजवर तिला खोटं बोलावं लागेल असं कोणी काही विचारलंच नव्हतं.

परतीच्या ट्रकमध्ये तिच्या शेजारी यवतमाळच्या पाटीपुऱ्यातल्या विमलताई बसल्या होत्या. शिकलेल्या बाई. त्यांनी सहज विचारलं, "नाव काय बाई तुमचं?"

"कचरी."

विमलताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "ते तिथंच ठेवून यायचं होतं ना. घरातली जुनी मूर्ती नदीत सोडता, मग हे काहून सांभाळता? सत्यशीला म्हणा. खऱ्यानं वागणारी, असा त्याचा अर्थ." तिला आजवर ‘तुमचं’ असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दानंच ती निम्मी हरखली होती, वरून हे नाव. उरलेली सगळी वाट ती ओठातल्या ओठात नाव म्हणत राहिली. ट्रकच्या धक्क्यानं ते कुठे सांडून जाईल अशी तिला भीती वाटत होती.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना बजावलं, "आता कोनी मले कचरी म्हनलं तं मी ओ देनार नाई." मारोतीची जीभ त्या जोडाक्षराला दोनचार दिवस अडखळली, मग वळली. म्हातारीची मात्र वळेना. वळेना म्हणजे ती वळवीना. लेकीचं नवं नाव कानावर पडलं की तिचा चेहरा उतरायचा. "एवढं झ्याक नाव कायले घेतं व माय," ती म्हणायची, "त्याचं ध्यान तुह्याकडे जाईन." तो म्हणजे पाळण्यातली लेकरं नेणारा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मायलेकींनी मग आपसात एक तोड काढली. म्हातारी कचरी म्हणेना, कारण लेक ओ देत नव्हती. सत्यशीला म्हणेना, कारण भीती वाटायची. ती नुसतं ‘अवं’ म्हणून हाक मारायला लागली. एकाच घरात राहून आईनं लेकीचं नाव घेणं सोडलं.

त्यानंतर महिनाभरात पटवारी आला. तेव्हा देशात मोठी उलथापालथ चालली होती. राज्यांच्या हद्दी मोडून नव्या आखल्या गेल्या होत्या. कालपर्यंत खापरदरी मध्य प्रदेशात होती आणि राजधानी नागपूर होती. एके सकाळी लोक उठले तेव्हा ती मुंबई राज्यात गेली होती आणि राजधानी कोणी कधी न पाहिलेल्या समुद्राच्या काठी जाऊन बसली होती. कोणी म्हणे वेगळा विदर्भ पाहिजे, कोणी म्हणे साऱ्या मराठी माणसांचा एक महाराष्ट्र पाहिजे. मुंबईत गोळ्या चालल्या, माणसं मेली, असं बोरीच्या बाजारात लोक हलक्या आवाजात सांगत. या धामधुमीतच देशाची निवडणूक तोंडावर आली. पटवारी नवीनच बदलून आलेला, कोणाला ओळखत नव्हता. तो यादी तपासत वस्तीच्या टोकाला पोचला तेव्हा बाया वेचणीहून परतत होत्या.

"मारोती मुनेश्वरची बायको कचराबाई, ती कोण?" त्यानं विचारलं.

सत्यशीलेनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. असा प्रश्न कोणी तरी विचारावा याची ती महिनाभर वाट पाहत होती. ती मान वर करून म्हणाली, "कचराबाई मेली."

"अरेरे. कधी?"

"दसऱ्याले. नागपूरले गेलती, तठीच मेली."

"गर्दीत?"

"हो. लाखाच्या गर्दीत."

पटवाऱ्यानं जिभेनं चुकचुक केलं आणि पेन्सिलीनं खूण करून शेजारी काहीतरी लिहिलं. मग त्याची नजर हिच्याकडे गेली. "मग तू कोण?"

"मी सत्यशीला. मारोतीची बायको."

पटवाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. पहिली बायको जाऊन महिना नाही झाला आणि या गड्यानं दुसरी आणून बसवली, असं काहीतरी तो सोबतच्या बाहेरगावच्या शिपायाशी पुटपुटला आणि नवं नाव न लिहिताच पुढच्या घराकडे वळला. सत्यशीलेला वाटलं, शिकलेला माणूस आहे, एका बोलण्यात समजला. तिला त्या दिवशी भाकरी गोड लागली. बोरीच्या बाजारात मात्र मारोतीला लोक विचारायला लागले, "काय मारोतराव, दुसरी कशी हाये?" तो म्हणायचा, "पयलीसारखीच हाये, पन जरा जास्त बोलते." हसण्यावारी गेलं ते. यादीशी त्याचा काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग डिसेंबरात ती बातमी आली. बाबासाहेब गेले. वस्तीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही. मारोतीसारखा गडी नाल्याच्या दगडावर बसून लहान लेकरासारखा रडला. सत्यशीलेला रडूही फुटेना. ज्या हातानं आपल्याला चिखलातून वर ओढलं तो हातच गेला, आता आपण परत खाली घसरू की काय, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. मारोती एकदा म्हणाला, "त्यायनं एक गोष्ट आपल्या हातात ठेवून देल्ली. मत. पाटलाचं एक, आपलं बी एक. दोन नाई त्याले." तेव्हापासून तिचं सगळं चित्त त्या मताशी गुंतलं. नवं नाव आणि मत, या दोन वस्तू तिनं मनात एका गाठीत बांधल्या. आता मत टाकायचं ते सत्यशीलेनं.

मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा होळी तोंडावर आली होती. वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटणं चाललं होतं. केंद्र बोरीच्या शाळेत होतं. सत्यशीला नागपूरला नेसलेलं पांढरं लुगडं नेसून निघाली, मागून म्हातारी. शाळेपुढे बायांची रांग लागलेली. म्हातारीला पुढे करून सत्यशीला उभी राहिली आणि थोड्या वेळानं मागे वळून पाहते तो काय, तिच्या मागे पाटलाची सून उभी. घुंगट ओढून, अंग चोरून, पण मागेच. विहिरीवर जिच्या बादलीवर हिची सावलीसुद्धा पडू देत नसत, ती बाई हिच्या पाठीशी नंबर लावून उभी होती. कोणी ओरडलं नाही, कोणी बाजूला हो म्हटलं नाही. त्या रांगेला पुढचं आणि मागचं एवढंच माहीत होतं. सत्यशीलेला वाटलं, राजधानी इकडची तिकडे गेली त्यापेक्षा हे मोठं आहे.

आत टेबल, टेबलाशी कारकून, बाजूच्या बाकावर उमेदवारांची माणसं. त्यात पाटलाचा पुतण्या गोविंदा मिशीला पीळ देत बसलेला. कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा आणि पडद्याआड पेट्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर त्याची निशाणी चिकटवलेली. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. म्हातारी पुढे होती, तिचा नंबर आधी लागला. ती पडद्याआड गेली आणि बराच वेळ आलीच नाही. केंद्रावरच्या साहेबांनी हटकलं तेव्हा कळलं, बुढी चिठ्ठी टाकून झाल्यावर पेट्यांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडत होती. एवढ्या लोकांच्या नजरा लागतात, दृष्ट काढायला नको?

आता हिची पाळी. कारकुनानं विचारलं, "नाव?"

"सत्यशीला मारोती मुनेश्वर."

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. "नाही."

"कचराबाई म्हनून पाहा," बाकावरून गोविंदा म्हणाला. "कचरी हाये थे."

कारकुनाचं बोट एका जागी थांबलं. त्यानं यादी पाहिली, मग तिला पाहिलं. "मुनेश्वर कचराबाई, नवरा मारोती. पण ही तर मयत आहे. दसऱ्याला, नागपुरात."

गोविंदा खो खो हसला. "मेल्यावर बी मत द्याले आली काय व?" त्याच्यामागे सगळी खोली हसली, दारातल्या बायासुद्धा हसल्या. पटवाऱ्यानं जिभेनं चुकचुक का केलं होतं ते सत्यशीलेला त्या क्षणी कळलं.

केंद्रावरचे मोठे साहेब म्हणजे यवतमाळकडच्या कुठल्याशा शाळेतले मास्तर. भला माणूस. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि तिला विचारलं, भानगड काय आहे. तिनं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बाई, कचराबाई तूच ना?"

"होती."

"होती नाही. आहेस का, ते सांग." साहेब खाली वाकून हळू आवाजात बोलू लागले. "हे बघ, ही पेन्सिलीची खूण आहे. तू माझ्यासमोर ‘मीच कचराबाई’ एवढं म्हण. तुला ओळखणारे इथे पुष्कळ आहेत. मी खूण खोडतो, चिठ्ठी देतो. मत टाकून बाहेर पडलीस की तुझं ते नाव तुला मोकळं आहे."

खिडकीशी पुरुषांच्या रांगेत मारोती उभा होता. तो गजांना तोंड लावून म्हणाला, "म्हन ना. एक डाव म्हन."

एक डाव. किती सोपं होतं. चाळीस वर्षं तर तेच म्हणत आले, अजून एकदा. तिनं गोणपाटाकडे पाहिलं. चार पावलांवर पेट्या होत्या. तिनं तोंड उघडलं, ‘क’ जिभेवर आलाही. समोर गोविंदा तोंडाचा आ करून ते नाव ऐकायला टपला होता. पण ती थांबली ती त्याच्यासाठी नाही. तिला वाटलं, आता जर मी हे बोलले तर आत जाऊन चिठ्ठी टाकील ती कोण? खळ्यावरून हाक आली की धावत जाणारी टाकील. तिला कोणी काही दिलंच नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "म्हनलं तं खोटं होईन. थे बाई मेली. मेलेल्या बाईच्या नावानं मत टाकनं म्हनजे चोरी होये ना?"

साहेबांनी यादी परत कारकुनाकडे सरकवली. कायद्यातही नेमकं तेच लिहिलेलं होतं.

"मग मत?" त्यांनी विचारलं.

"सत्यशीलाच्या नावानं चिठ्ठी निंगाली की टाकीन."

"पाच वर्षं लागतील, बाई."

"लागू द्या."

तिनं पेट्यांच्या दिशेनं हात जोडले आणि ताठ मानेनं बाहेर पडली. शाळेच्या कोपऱ्यावरून वळली. चिंचेखाली बसून ती ओक्साबोक्शी रडली. बाबासाहेबांनी हातात ठेवलेली वस्तू आपण आपल्या हातानं परत केली, या दुःखाला काही पार नव्हता. आणि गंमत अशी की पश्चात्ताप मात्र कणभरही होत नव्हता.

वस्तीत त्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या बोटावर शाईची खूण होती, हिचं बोट कोरं. मारोती भडकलेला. "त्यायनं मत देल्लं, तुनं नावापायी सांडलं," तो म्हणाला.

"कोनाले देल्लं त्यायनं?" ती म्हणाली. "कचरीले का? कचरीले जल्मात कोनी काई देल्लं नाई."

चुलीपाशी म्हातारी आपलं शाईचं बोट पदराखाली लपवून बसली होती. लेकीला दिसून वाईट वाटू नये म्हणून. तिथूनच ती पुटपुटली, "तू मरू नोको म्हनून मीनं तुले कचरी केलं. आन तुनं नाव टाकलं, टाकलं तं मेलीच. मी सांगत होती का नाई."

सत्यशीलेला आजवर त्या नावात शिवी तेवढी ऐकू यायची. म्हातारीनं ते कशासाठी ठेवलं होतं हे तिला माहीत होतं, पण ऐकू आलं ते त्या दिवशी. ती उठून आईजवळ जाऊन बसली. नाव काही परत घेतलं नाही, पण बसली.

पुढची वर्षं ती मेलेलीच राहिली. दारव्ह्याच्या कचेरीत जाऊन तिनं सांगून पाहिलं. कारकून म्हणाला, कचराबाई मयत आहे, तिचं नाव बदलता येत नाही. सत्यशीला असेल तर तिचं नाव नव्यानं चढेल, नवी यादी निघेल तेव्हा. मेलेलीला बदलता येईना आणि जिवंत असलेलीची पाळी येईना. बाजारात मारोती दोन बायकांचा दादला म्हणून नावाजला गेला. साठ साली पुन्हा राज्य बदललं, महाराष्ट्र झाला, बोरीत मिठाई वाटली. मारोती पेढा तोंडात टाकून म्हणाला, "आधी मध्य प्रदेश, मंग मुंबई, आता महाराष्ट्र. यवतमाळच्या राज्यानं दोन डाव नाव बदललं. त्याले कोनी मयत नाई लिवलं."

नवी यादी करायला एक तरणा मास्तर आला तेव्हा सत्यशीलेनं त्याला दारातून हलू दिलं नाही. त्यानं लिहिलं, तिनं वाचून दाखवायला लावलं. मग पुन्हा वाचून दाखवायला लावलं. मास्तर वैतागून म्हणाला, "बाई, तेच लिहिलंय." ती म्हणाली, "तुमच्या तोंडानं आयकाले बरं वाटते."

बासष्ट सालच्या माघात निवडणूक लागली, आणि तिच्या आधी आकाशातच गडबड झाली. आठ ग्रह एका राशीला येणार, जग बुडणार, अशी आवई साऱ्या देशात उठली. गावोगाव होम पेटले. पाटलानंसुद्धा तुपाचे डबे रिकामे केले. वस्तीत कोणी होम केला नाही, पण म्हातारी तुळसाबाई धास्तावली. तिनं लेकीला पदर पसरून विनवलं, "आता तरी जुनं नाव घे व माय. तो एवढा हिंडून राह्यला, दारात आला तं?" सत्यशीला म्हणाली, "येऊ दे, चहा पाजू." जग काही बुडलं नाही. त्या आठवड्यात लोक थोडे लाजून एकमेकांकडे पाहत होते, आणि मग मतदानाचा दिवस आला.

तीच शाळा, तोच गोणपाट. पेट्या मात्र आता वेगळ्या नव्हत्या. सगळ्यांच्या निशाण्या एकाच कागदावर छापलेल्या, आणि हव्या त्या निशाणीवर शिक्का मारायचा. बाकावर तोच गोविंदा, मिशीत थोडी पांढरी आलेली. या वेळी सत्यशीला पुढे होती आणि म्हातारी तिच्या मागे, काठी टेकत. सत्यशीलेनं हातातली नाव-नंबराची चिठ्ठी कारकुनाला दिली. या कारकुनाचा आवाज खणखणीत. त्यानं यादीवर बोट ठेवलं आणि बाकावरच्या माणसांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुकारलं, "मुनेश्वर, सत्यशीला मारोती."

खोलीभर ते नाव झालं. भिंतीला लागून परत आलं. सत्यशीला ऐकत राहिली. नवऱ्यानं घेतलेलं, मास्तराकडून हट्टानं वाचून घेतलेलं, ते सगळं वेगळं. हे सरकार बोलत होतं. ज्याला ती ठाऊक नाही, जो तिला काही लागत नाही, असा माणूस भर खोलीत तिला तिच्या नावानं बोलावत होता. हलावं, ओ द्यावी, हेही सुचेना.

"कोण सत्यशीला?" कारकुनानं पुन्हा विचारलं. "आहे की नाही?"

गोविंदानं आपल्या यादीत पाहिलं, मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठावर ते जुनं नाव आलेलं सगळ्यांना दिसलं. पण यादीत ते नव्हतं. तो खाली पाहून म्हणाला, "यादीत हाये." तरी ती हलेना. कारकुनाचं बोट खालच्या नावाकडे सरकायला लागलं.

तेवढ्यात मागून तिच्या पाठीवर काठीचं टोक टोचलं.

"सत्यशीले," म्हातारी म्हणाली. "अवं सत्यशीले, जा ना माय. तुले बलावून राह्यले."

सत्यशीलेनं वळून पाहिलं. म्हातारीनं पदर तोंडावर धरला होता. ते नाव तोंडातून गेलं याची तिची तिलाच भीती वाटली होती, पण आता ते परत घेण्यासारखं नव्हतं. "हाये," सत्यशीला म्हणाली, "मीच सत्यशीला," आणि पुढे झाली. बोटाला गार शाई लागली. पडद्याआड जाऊन तिनं कोणत्या निशाणीवर शिक्का मारला ते तिनं मारोतीलाही कधी सांगितलं नाही. मारोतीनं पुढे पुष्कळ वर्षं विचारून पाहिलं.

परतीच्या वाटेवर मायलेकी सावकाश चालत होत्या. म्हातारी मान खाली घालून काठी टेकत होती. ती नाव घेऊन पस्तावते आहे असं सत्यशीलेला वाटलं. ती म्हणाली, "भेव वाटून राह्यलं का? नोको घेत जाऊ नाव. ‘अवं’ म्हन. मी ओ देईन."

"नाई व," म्हातारी म्हणाली. ती वाटेत थांबली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा निवांत झाला होता. "मी इचार करून राह्यली. तो आला, आन कचरी कोठी हाये म्हने, तं मी सांगीन, बापा, कचरी कवाचीच मेली. सरकारात लिवलं हाये, जाऊन पाहून घे. आन सत्यशीलेले तो वळखत नाई. मीनं तिचं नाव त्याच्या कानावर पडूच देल्लं नाई इतके वर्सं."

सत्यशीलेला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तिनं शाईच्या बोटानंच ते पुसले. मग आईचा हात धरला आणि दोघी नाल्याच्या उताराला लागल्या.